दहा कार्डांतली चांगली पाच

माझ्या यजमानांची बदली भुसावळच्या पलीकडच्या एका सरकारी कारखान्यात झाली, तेव्हा आमच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. साठीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वसाहतीत आम्हाला पुढेमागे अंगण असलेला बंगला मिळाला, मला तिथल्या शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं, आणि यजमानांना मिळालं गोल्फचं मैदान. ते धुळ्याचे. गोल्फ शिकले पुण्याला, उमेदवारीच्या काळात, एका वरिष्ठ साहेबाच्या नादानं. एरवी बोलणं कमी, पण मैदानावरून आले की सकाळचा एकेक फटका सांगत बसायचे. मी जळगावची, मेहरूणची. आमच्याकडे खेळ म्हणजे हुतूतू नाहीतर कॅरम. मी ऐकून घ्यायचे, कळत काही नसे.

मैदान म्हणजे काळ्या मातीचा माळच होता. कडेनं बाभळी आणि निंब, मधे चेंडू घालायचे नऊ होल. अठरा पुरे करायचे तर तोच फेरा दोनदा मारायचा. होलभोवती हिरवळ राखायला पाणी नव्हतं, म्हणून तेल मारून दाबलेल्या वाळूचे गोल केलेले. उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडत की आत गेलेला चेंडू कोपरापर्यंत हात घालूनही लागत नसे. त्यासाठी क्लबानं नियमच केला होता: भेगेत गेला तर दंड नाही, दुसरा चेंडू ठेवा आणि खेळा. पावसाळ्यात चिखल बूट सोडायचा नाही, तेव्हा मैदान बंदच. खरा खेळ दिवाळीनंतर.

क्लबाचा कारभार एक निवृत्त कर्नल पाहत. साताऱ्याकडचे, कारखान्याच्या पहाऱ्याचे प्रमुख. एका रविवारी ते आमच्याकडे चहाला आले आणि कप खाली ठेवत मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही गणित शिकवता म्हणे."

"हो, आठवी ते अकरावी."

"मग क्लबाचं एक गणित अंगावर घ्या. हँडिकॅपचं. पुरुषांकडे दिलं की भांडणं होतात. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला जास्त मिळालं."

मी यजमानांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "मला विचारू नकोस. मी खेळाडू आहे, मला बोलायचा हक्क नाही."

कर्नलसाहेबांनी मला तिथंच समजावलं. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला. आमच्या मैदानाचे अठरा होल चांगल्या खेळाडूनं सत्तर फटक्यांत संपवावेत असं माप होतं, त्याला पार म्हणायचं. यजमानांना साधारण एक्क्याऐंशी लागत. पारपेक्षा अकरा जास्त, म्हणून त्यांचा हँडिकॅप अकरा. वसाहतीच्या डॉक्टरांचा चौदा. दोघं समोरासमोर खेळले की डॉक्टरांना मधल्या तीन फटक्यांची सवलत, म्हणजे सामना बरोबरीचा.

"सरासरीच काढायची ना मग?" मी म्हटलं.

"सरासरीच, पण सगळ्यांची नाही. शेवटची दहा कार्डं घ्यायची. त्यातली चांगली पाच ठेवायची, वाईट पाच बाजूला सारायची. त्या पाचांत पारपेक्षा किती जास्त लागले, त्याची सरासरी. नवं कार्ड आलं की सगळ्यात जुनं बाहेर."

"वाईट पाच का सोडायची?"

"माणूस वाईट खेळतो तेव्हा शंभर कारणं असतात, वहिनी. वारा असतो, पोट बिघडलेलं असतं, घरात कुरबुर झालेली असते. चांगला खेळतो तेव्हाच त्याचं पाणी कळतं. या माणसाच्यानं किती होऊ शकतं, तेवढंच आपल्याला काढायचंय."

मोठ्या क्लबांच्या पद्धतीतून त्यांनी ती आमच्यापुरती कापून घेतली होती. मला ती आवडली. शाळेत तर पोराच्या वाईट पेपरावरूनच आम्ही त्याला ओळखायचो.

मी काम घेतलं. फेरा संपला की प्रत्येकानं होलवार आकडे भरलेलं कार्ड द्यायचं, त्यावर जोडीदाराची सही हवी, एवढाच आग्रह मी धरला. पण तोच जड गेला. एक अधिकारी चांगला खेळला की कार्ड घरी न्यायचे आणि वाईट खेळला की तत्परतेनं आणून द्यायचे. त्यांचा हँडिकॅप फुगलेला राही आणि हिवाळी सामन्यात ते सवलतीवर सगळ्यांना हरवत. मी त्यांना क्लबाच्या व्हरांड्यातच विचारलं, "साहेब, गुरुवारचं कार्ड आलं नाही."

"गुरुवारी सहज खेळलो. ते काही धरायचं नाही."

"खेळलात ना? मग धरायचं."

ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, पण कार्डं येऊ लागली. लोक थट्टेनं म्हणत, बाईंना नवऱ्याचीही सूट नाही. यजमानांना त्याचा अभिमान वाटे. फेऱ्यावरून आल्यावर बूट काढायच्या आधी ते कार्ड माझ्या हातात ठेवायचे.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी मलाही खेळायला शिकवलं. साडीचा पदर खोचून मी पहाटे त्यांच्याबरोबर जाऊ लागले. माझा हँडिकॅप छत्तीस. एवढी सवलत घेणारं वसाहतीत दुसरं कोणी नव्हतं. ते कधी हसले नाहीत. माझा चेंडू बाभळीत गेला की स्वतः काटे बाजूला करून काढून द्यायचे.

एकाहत्तरच्या युद्धात कारखाना रात्रंदिवस चालला. खेळ बंद. माणसं घरी फक्त जेवायला यायची. युद्ध संपून मैदान पुन्हा सुरू झालं, तेव्हा पहिल्या सकाळी मी यजमानांना होलपासून दोन हातांवरच्या चेंडूशी वाकलेलं पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट काठीवर नुसतं हलत होतं, जपमाळ ओढल्यासारखं. त्यांनी फटका मारला, चेंडू होलच्या कडेनं निघून गेला. ते सरळ झाले आणि हाताकडे पाहत राहिले.

"थकवा आहे," ते म्हणाले. "इतके महिने झोप कुठे होती?"

मलाही तसंच वाटलं. पण झोप झाली, सुट्टी झाली, उन्हाळा गेला, तरी बोटं थांबली नाहीत. सही बारीक होत चालली. डॉक्टर त्यांचे रोजचे जोडीदार, मितभाषी आणि सरळ माणूस. एका संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, "मी मित्र म्हणून फार दिवस गप्प बसलो. आता डॉक्टर म्हणून सांगतो. मुंबईला दाखवून या."

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी यजमानांना खोलीत चालायला लावलं, बटण काढायला-लावायला लावलं, आणि कंपवात असल्याचं सांगितलं. औषध होतं, त्यानं थोडं बरं वाटेल म्हणाले. जाणार नाही. परतीच्या गाडीत यजमान खिडकीशी बसले होते. नाशिक गेलं, मनमाड गेलं. चाळीसगावला त्यांनी मला विचारलं, "तू काही खाल्लंस का?" तेवढंच.

खेळणं त्यांनी सोडलं नाही. वसाहतीचे डॉक्टरही म्हणाले, चालतंय तोवर चाला. पण त्या पावसाळ्यानंतर त्यांची कार्डं येईनाशी झाली. ते सकाळी डॉक्टरांबरोबर जायचे, नऊ वाजता यायचे, बूट काढायचे आणि आंघोळीला जायचे. पहिल्या खेपेला, ते विसरले असतील म्हणून मी सोडून दिलं. दोन आठवडे झाल्यावर मात्र विचारणं भाग होतं.

"अहो, कार्ड?"

"फाडलं."

"आणि आधीची?"

"तीही."

मी चहा गाळत होते. गाळणी तशीच धरून उभी राहिले. ते म्हणाले, "अकरा राहू दे गं. अकरा व्हायला मला नऊ वर्षं लागली."

दुसऱ्या कोणाला मी काय म्हणाले असते ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी गाळणी खाली ठेवली आणि त्यांचा चहा पुढे केला. कार्ड नसेल तर आकडा बदलता येत नाही. अकरा तसाच राहिला.

डिसेंबरात हिवाळी सामना आला. तो जोडीनं खेळायचा असे. दोघांच्या फटक्यांतून दोघांचे हँडिकॅप वजा करायचे, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरत. यजमानांच्या वाट्याला एक तरुण इंजिनिअर आला. नुकताच लागलेला, हौशी. त्या हंगामात त्याचा हात चांगला बसला होता आणि अकरावाला जोडीदार मिळाला म्हणून तो आनंदात होता.

मी पूर्ण फेरा त्यांच्या मागून चालले. तो मुलगा जीव तोडून खेळला. यजमानांचे लांबचे फटके अजून बरे जात, पण होलजवळ आले की हात ऐकेना. एकदा तर चेंडूमागे काठी टेकवताना तिनं चेंडूला दोनदा स्पर्श केला आणि त्यांनी स्वतःहून तो फटका मोजायला लावला. ती जोडी तळाला राहिली. मुलाचा एकट्याचा खेळ त्या दिवशी सगळ्यांत चांगला होता.

सामन्यानंतर भरिताचं जेवण असे. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. सगळे निंबाखाली पंगत धरून बसले. यजमानांनी पान घेतलं, पण खाल्लं नाही. घास तोंडापर्यंत नेताना सांडेल म्हणून. तरुण इंजिनिअर उठून त्यांच्याजवळ आला.

"साहेब, पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "खेळात चालतंच."

यजमान त्याच्याकडे पाहत म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. माझा आकडा खोटा होता."

त्या मुलाला काहीच समजलं नाही. तो कसंनुसं हसला आणि पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारचं जेवण झाल्यावर यजमान व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले आणि मला हाक मारली. "कोरी कार्डं घेऊन ये. सहा."

मी आणली.

"लिही. मी सांगतो. त्या पोराचा कप माझ्यापायी गेला."

फाडलेल्या फेऱ्यांतला एकेक होल त्यांनी मला तोंडानं सांगितला. कुठल्या दिवशी वारा कुठून होता, तिसऱ्या होलवर चेंडू नाल्यात कसा गेला, पाचव्यावर किती थोडक्यात राहिला. खेळणाऱ्याला हे सगळं लक्षात राहतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आवाज सपाट होता. शाळेत श्रुतलेखन घेतात तसं ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एकदा मधेच थांबले आणि म्हणाले, "हे लिहिताना तू रडू नकोस, आकडे पुसले जातील." मी रडत नव्हते. त्यांनी सांगितल्यावर मात्र डोळे भरून आले.

जोडीदाराच्या सहीशिवाय कार्ड धरायचं नाही, म्हणून संध्याकाळी मी ती सहाही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिव्याजवळ बसून एकेक वाचलं. पाच कार्डांवर सही केली. सहाव्यावर थांबले.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "सातव्या होलवर सहा नाहीत, पाच. लांबून मारलेला त्यांचा चेंडू सरळ होलात गेला होता. मी टाळी वाजवली होती. विसरले वाटतं?"

त्यांनी सहा खोडून पाच केले आणि सही केली. एकोणनव्वदचे अठ्ठ्याऐंशी झाले.

घरी येऊन मी हिशेब मांडला. यजमान समोर बसले होते. सहा नवी कार्डं आली, म्हणून सहा जुनी बाहेर गेली. दहांत जुनी चार उरली: पारपेक्षा अकरा, बारा, दहा, तेरा. नव्या सहांतलं सगळ्यात चांगलं ते अठ्ठ्याऐंशीचं, म्हणजे अठरा. ही पाच धरायची, बाकीची सोडायची. बेरीज चौसष्ट. पाचांनी भागून बारा पूर्णांक आठ.

"तेरा," मी म्हटलं.

त्यांना खरं वाटेना. "तेराच? मला वाटलं अठरा-वीस."

"जुनी चार अजून धरलेली आहेत. ती निघेपर्यंत एकदम चढणार नाही."

त्यांनी कागद माझ्याकडून घेतला आणि बेरीज स्वतः करून पाहिली. बोटं कागदावर टकटक वाजत होती. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टरला आता एकच फटका द्यायचा." बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या आवाजात जरा जीव आला होता.

त्या दिवसापासून कार्डं पुन्हा बुटांच्या आधी यायला लागली. एकेक नवं आलं की मी एकेक जुनं काढायचे. त्या वर्षी दुष्काळ होता. निंबसुद्धा पिवळे पडले होते, आणि मैदानात चेंडूपेक्षा भेगाच जास्त दिसत. अकरावालं गेलं, बारावालं गेलं. शेवटचं जुनं कार्ड दहाचं होतं, मुंबईला जायच्या आधीच्या एका सकाळचं. ते काढायची वेळ आली, तेव्हा मी ते बराच वेळ हातात धरून बसले. यजमान खोलीत आले आणि काय चाललंय ते त्यांना दिसलं.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. मी ते काढलं. हँडिकॅप वीस झाला.

पण एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. आकडा खरा झाल्यावर त्यांचा खेळ परत खेळ झाला. वीसवर असताना डॉक्टरांकडून त्यांना सहा फटके मिळत, आणि एका सकाळी सहांची सवलत घेऊन त्यांनी डॉक्टरांना हरवलं. डॉक्टर खरोखरच चिडले होते, चेंडूला दोन शिव्या हासडल्या. यजमान दिवसभर खुशीत होते. दयेनं कोणी हरलं असतं तर त्यांना ते ताबडतोब कळलं असतं.

त्यांचा आकडा चढत होता आणि माझा उतरत होता. एका हिवाळ्यात महिन्याचा हिशेब मांडताना माझ्या लक्षात आलं की दोघांचाही सव्वीस झाला आहे. मी ते क्लबाच्या फळ्यावर लावायच्या आधी त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "मग उद्या खेळू. कोणी कोणाला काही द्यायचं नाही."

आम्ही दोघंच गेलो. नऊच होल, कारण त्यांना त्याहून जास्त चालवत नव्हतं. पावलं लहान पडू लागली होती, वळताना जरा थांबून वळायचे. चार होल त्यांनी कमी फटक्यांत घेतले, चार मी. नवव्यावर त्यांचे फटके संपले, आणि माझा चेंडू होलपासून हातभर राहिला. गेला तर मी जिंकणार, चुकला तर बरोबरी. मी काठी धरली आणि माझ्या मनात काय आलं ते त्यांना लगेच कळलं.

"मुद्दाम चुकवशील, तर मी पुन्हा तुझ्याबरोबर खेळणार नाही," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. त्यांचा आवाज तेव्हा आधीच बारीक झाला होता.

मी चेंडू आत घातला. त्यांनी टोपी काढली आणि हात पुढे केला. थरथरता हात मी दोन्ही हातांत धरला आणि तो थांबेपर्यंत सोडला नाही. तो काही पुरता थांबला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच काठ्या पिशवीत भरून ठेवल्या. कोणाला सांगितलं नाही, कुरकुर केली नाही. प्रकृतीच्या कारणानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आम्ही धुळ्याला त्यांच्या वडिलांच्या घरी आलो. निघताना डॉक्टर स्टेशनवर आले होते. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले आणि गाडी सुटेपर्यंत कारखान्यातल्या बदल्यांबद्दल बोलत राहिले.

धुळ्याला शेजारच्याच घरात यजमानांची मोठी बहीण राहायची. आम्ही तिला अक्का म्हणत असू. ती रोज सकाळी त्यांना पांझरा नदीच्या काठानं पुलापर्यंत फिरवायला न्यायची, मी शाळेत शिकवायला जायचे. ते घाईघाईनं छोटी पावलं टाकत पुढे झुकायला लागले की अक्का दंड धरून म्हणायची, "भाऊ, दमानं चाल. कोनी मांगे लागेल नही शे." ते थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा निघायचे.

तशी काही वर्षं गेली. आधी पूल सुटला, मग काठ सुटला, मग अंगण. मरणाच्या आदल्या दिवशी ते शुद्धीवर होते आणि पाणी मागून घेतलं. गेले ते सकाळी, अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली असताना. मी शेजारी होते. अक्का रडली नाही. भावाचे केस मागे सारत ती मला म्हणाली, "बाई, भलता दमेल व्हता. निजू दे त्याले."

डॉक्टर दहाव्याला आले. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. त्यांनी यजमानांच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं, माझ्या शाळेची विचारपूस केली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.